विटांची यारी

मथुराबाईनं सकाळीच मच्छिंद्रच्या वहाणा उचलल्या आणि रिकाम्या कणगीत टाकून दिल्या.

"ते यंत्र काय करतं अन् कसं करतं, ते मला कळल्याबिगर माझा लेक त्या विहिरीत उतरायचा न्हाय," ती म्हणाली आणि भाकरी थापायला बसली.

मच्छिंद्र तिचा एकुलता एक. तीस वर्षांचा, दोन लेकरांचा बाप. पण आईनं कणगीत टाकलेल्या वहाणा काढून घ्यायची त्याची छाती नव्हती. त्यानं बापाकडं बघितलं. आबाराव दारात बसून तंबाखू मळत होते. वर न बघताच ते म्हणाले, "यारी बघायची हाय का तुला? चल की मग माळावर. चार पावलांवर तर हाय."

"बघितली म्या. लांबून बघितली, जवळून बी बघितली. नुसता धूर अन् लोखंड. बघून काय कळतंय?"

तिचं काही चुकत नव्हतं. यारी बघून कुणालाच काही कळत नसे. जुन्या ट्रकची नुसती चासी, तिच्यावर एक डिझेल इंजिन, मधोमध लोखंडी खांब, खांबाला विहिरीवर झुकलेला लांब दांडा आणि दांड्याच्या टोकावरून खाली सोडलेला तारेचा दोर. दोराला पिंपाएवढी बकेट. विहिरीत खणलेला मुरूम, दगड त्या बकेटीत भरायचा, यारीनं वर ओढायचा आणि दांडा बाजूला वळवून ढिगावर ओतायचा. इंजिन सुरू झालं की सगळं एकदमच हलायला लागायचं आणि बघणाराला कशामुळं काय हललं ते समजायचं नाही.

साल शहाऐंशीचं होतं. पावसानं लागोपाठ दगा दिला होता आणि लोहाऱ्याच्या अलीकडच्या त्या गावात टँकर दिवसाआड यायचा. बौद्ध वस्तीला स्वतःची विहीर नव्हती. गावातल्या मजूर सहकारी सोसायटीनं खटपट करून वस्तीमागच्या माळावर विहीर घ्यायचं काम मिळवलं. पहिले दोन परस, म्हणजे दोन पुरुष हात वर करून एकमेकांवर उभे राहतील एवढी खोली, माणसांनी पाट्यांनीच उपसली. त्याच्या खाली पाट्या चालेनात, तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी विष्णुपंत यांनी ही यारी आणली. यारीबरोबर तिचा चालक बिराप्पाही आला. आळंदच्या बाजूचा, जाड मिशांचा, आपल्या यंत्राला 'माझी म्हातारी' म्हणणारा माणूस.

आबारावांनी चाळीस वर्षं विटा पाडल्या होत्या. पण विटेला चिखल लागतो आणि चिखलाला पाणी. दोन वर्षांत पंचक्रोशीतल्या सगळ्या भट्ट्या थंड झाल्या. गुडघा धरलेला, वय साठीला टेकलेलं. सोसायटीनं त्यांना इशाऱ्याचं काम दिलं. बिराप्पाला त्याच्या बैठकीवरून विहिरीचा तळ दिसत नसे. म्हणून एका माणसानं काठावर उभं राहून तळाकडं बघायचं आणि हातानं सांगायचं. वर केलेली मूठ म्हणजे ओढ. पालथा तळवा म्हणजे सोड. बोट फिरवलं की दांडा वळव. आणि उभा तळवा दाखवला की थांब. बिराप्पानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "कोण बी वरडू दे, मी बघणार नाही. मी या म्हाताऱ्याचा हात बघणार."

तर घरातला बाप वर हात दाखवणार आणि लेक खाली मुरूम भरणार, असा तो मामला होता. मधे काय होतं ते मथुराबाईला कळत नव्हतं आणि तेवढ्यासाठी वहाणा कणगीत गेल्या होत्या.

"बरं," आबाराव म्हणाले. "तुला हातात धरून दावतो. पाणी दे एक तांब्या."

"कशाला?"

"विटा पाडायला."

"अर्धा मिळंल. अन् भाकरीचे हात धुतलेलं हाय वाडग्यात, ते बी घ्या. मातीला काय कळतंय?"

भट्टीच्या जागेवर पांढऱ्या मातीचा जुना ढीग पडून होता. आबारावांनी पाटीभर माती चाळून आणली, अर्ध्या तांब्यात आणि पिठाळ पाण्यात मळली. साचा म्हणून काड्यापेटीचा आतला खण घेतला. खण राखेत बुडवायचा, चिखल दाबायचा, वर अंगठा फिरवायचा, उलटा करून ठोकायचा. दुपारपर्यंत अंगणात काड्यापेटीएवढ्या एकशेवीस विटा ओळीनं वाळत पडल्या. ओल्या असतानाच त्यांनी मोडक्या छत्रीची काडी घेऊन प्रत्येक विटेला आरपार भोक पाडलं. ऊन असं होतं की संध्याकाळपर्यंत विटा खडखडीत झाल्या. मग त्या चुलीत गोवऱ्यांच्या मधे दोन-दोन, चार-चार करून भाजल्या. सून पुतळा हसत म्हणाली, "मामा, आपली भट्टी पेटली म्हणायची या साली."

तीन दिवस ते त्यातच होते. खालचा पाया नऊ विटा लांब आणि चार विटा रुंद, छत्रीच्या काड्यांत ओवलेला. त्याला मातीची चार चाकं. मधे अकरा विटांचा खांब, सायकलच्या तारेत मण्यांसारखा ओवलेला. तारेचं खालचं टोक पायात अशा बेतानं बसवलं होतं की जात्याची वरची तळी खुंट्याभोवती फिरावी तसा सगळा खांब जागच्या जागी फिरे. खांबाला तुराटीचा तिरपा दांडा. दांड्याच्या टोकाला दोऱ्याचं रिकामं रीळ, तीच कप्पी. खांबाच्या बुडाशी दुसरं रीळ, त्याला वाकवलेल्या तारेचं हँडल. दोरा या रिळावरून निघून वरच्या रिळावरून खाली येई आणि त्याला बामाची डबी टांगलेली.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो दात्यांच्या चाकाला. जुन्या चपलेच्या रबरी टाचेतून त्यांनी ते गोल कापलं, कडेनं चाकूनं दाते पाडले आणि रिळाच्या एका बाजूला बसवलं. दात्यांत अडकायला पुतळाचा केसांचा आकडा. पायाच्या मागच्या बाजूला सहा विटांची चवड ठेवली. खऱ्या यारीच्या मागं लोखंडी खोक्यात दगड भरलेले असतात, तसं ते वजन.

"ये, बस," आबाराव बायकोला म्हणाले. त्यांनी यारी उंबऱ्याच्या काठावर ठेवली. उंबऱ्याची उंची ही विहीर. "फिरव हे हँडल."

मथुराबाईनं फिरवलं. टिक टिक टिक करत डबी वर यायला लागली.

"हे टिकटिक काय वाजतंय?"

"दाते. आकडा येकेका दात्यावरून उडी मारतोय. आता हँडल सोड."

"सोडू? पडंल की."

"सोड तर."

तिनं सोडलं. डबी हवेतच लोंबकळत राहिली. आकडा दात्यात अडकून बसला होता. मथुराबाईनं डबीला वरून बोटानं दाबलं. तरी ती खाली गेली नाही.

"वर जाऊ देतो, खाली येऊ देत न्हाय," आबाराव म्हणाले. "इंजन बंद पडलं, बिराप्पाचा हात निसटला, तरी बकेट तुझ्या लेकाच्या डोस्क्यात पडायची न्हाय. खाली सोडायची असंल तवा आकडा उचलायचा अन् हातानं दमादमानं सोडायचं. तिथं त्याला पायाखाली ब्रेक हाय."

"अन् दोर तुटला तर?"

"तार हाय ती, अंगठ्यायवढी जाड. अन् बकेट वर निघाली की खालची माणसं कडंला सरकून उभी ऱ्हात्यात. ते माझं काम. समदी सरकल्याबिगर मी मूठ दावतच न्हाय."

मग त्यांनी डबी सुक्या मातीनं भरली, वर घेतली, खांब बाजूला वळवला. डबीचे कान मधल्या उंचीच्या जरा खाली पाडलेले होते, त्यामुळं भरलेली डबी आपणहून उलटायला बघे आणि एक काडी तिला धरून ठेवी. काडी काढली की डबी भप्पकन उपडी होऊन माती ओतली जाई. मथुराबाईनं ते चार वेळा केलं. पाचव्यांदा करताना ती हसली.

"तुमी चाळीस वर्षं विटा पाडल्या, पर असली येक बी न्हाय पाडली," ती म्हणाली आणि कणगीत हात घालून वहाणा काढल्या.

मच्छिंद्र दुसऱ्या दिवसापासून विहिरीत उतरला.

दीड महिना काम चाललं. मुरूम, मग काळा दगड, मग पुन्हा मुरूम. खाली चौघं, वर ढीग सारायला बायका, काठावर आबाराव. यारी विहिरीच्या काठाला तोंड करून उभी असे, चाकं सरकू नयेत म्हणून चारींना दगडाच्या उट्या लावलेल्या. मूठ, बोट, तळवा. दिवसातून साठ-सत्तर खेपा व्हायच्या. पाच परस झाले. सहावा लागला तसा वर येणारा मुरूम हाताला गार लागायला लागला. बायका मुठीत दाबून बघायच्या. एकदा तो मुठीत दाबल्यावर गोळा होऊन राहिला, त्या दिवशी वस्तीत दुसरं बोलणंच नव्हतं.

त्या भागातल्या विहिरीवरच्या माणसांचा एक रिवाज होता. ज्याच्या पहारेखाली पाणी फुटेल, त्यानं पहिल्या चिखलाची बकेट काठोकाठ शीग लावून भरायची आणि तिच्या काठावर दोन पाय रोवून, दोराला धरून, उभ्या उभ्या वर यायचं. वर लोक हार घेऊन थांबलेले. पुढं पन्नास वर्षं त्या विहिरीवर पाणी भरताना बायका म्हणायच्या, ही अमक्यानं आणलेली विहीर. मच्छिंद्रची पहार चौघांत जड होती आणि ईशान्येच्या कोपऱ्यात, जिथं दगडाला पाझर सुटला होता, तिथं तोच खणत होता. त्यानं अणदूरला सासऱ्यांना निरोप धाडला. ते दोन दिवसांत येऊन राहणार होते.

अशात एका सकाळी मथुराबाई चूल सारवत होती. हातात ओला चिखल होता. कोनाड्यात विटांची यारी होती. तिला काय वाटलं कोण जाणे, तिनं यारी खाली घेतली, बामाची डबी चिखलानं शिगोशीग भरली, हँडल फिरवलं. डबी वर आली. मग तिनं रोजच्यासारखा खांब बाजूला वळवला आणि यारी आडवी पडली. अकरा विटांचा खांब तिसऱ्या विटेशी मोडला.

आबाराव दुपारी भाकरीला आले तेव्हा तिनं सांगितलं, "तुमची यारी पडली."

"लेकरांनी घेतली आसंल."

"म्या पाडली. चिखल भरला हुता." मग म्हणाली, "अवो, आपण कच्च्या विटा उचलतावं तवा ओली अन् वाळल्याली सारखीच लागती का हाताला?"

आबारावांचा घास हातातच राहिला. त्यांनी भाकरी झाकून ठेवली, खांबाला दुसरी तार घातली आणि विटा पुन्हा ओवल्या. डबीत सुकी माती भरून वळवली. उभी राहिली. ओला चिखल भरून समोरच ठेवली. उभी राहिली, कारण समोरच्या ओझ्याला मागची सहा विटांची चवड सावरून धरत होती. पण दांडा बाजूला गेला की चवड कामाची राहत नव्हती. ती होती तिथंच मागं राहत होती आणि ओझं बाजूला जात होतं. पाया नऊ विटा लांब, पण रुंद चारच. पलीकडची दोन चाकं अलगद उचलली गेली. आबारावांनी हातानं धरली म्हणून पडली नाही.

त्यांनी चिखलाच्या शिगेवर एक चिंचोका ठेवला.

"ह्यो मच्छिंद्र," ते म्हणाले.

दीड महिना ते स्वतः बोट फिरवून दांडा बाजूला घ्यायला सांगत होते. रोज सत्तर वेळा. सुक्या मुरमानं सगळ्यांच्या डोळ्यावर झापड बांधली होती. पाणी लागावं म्हणून सगळी वस्ती वाट बघत होती आणि पाणी लागलं की तीच बकेट सव्वापटीहून जास्त जड होणार होती. वर तिच्यावर माणूस उभा राहणार होता.

दुपारनंतर ते खेळणं टोपलीत घालून माळावर गेले. बिराप्पा यारीच्या सावलीत पडला होता आणि विष्णुपंत छत्री उघडून उभे होते. आबारावांनी यारी जमिनीवर मांडली आणि सगळं करून दाखवलं. यारी आडवी पडली.

बिराप्पा उठून बसला. "आबा, चाळीस विहिरी काढल्या माझ्या म्हातारीनं. तुम्ही तिला बामाची डबी दाखवता?"

"तुजी म्हातारी गुणाची हाय. पर चिखल चिखल हाय."

"ही माती आहे, आबाराव," विष्णुपंत म्हणाले. "ती लोखंडाची. चार टनाचं धूड आहे ते. खेळण्यावरून कसं सांगता येईल?"

"मग खऱ्या यारीवर बगू. बकेट ओली करून भरू, खाली माणूस न ठेवता."

"पाणी कुठलं आणायचं? टँकरचं पाणी मुरमात ओततो म्हटलं तर बायका मला विहिरीत ढकलतील."

ते खरंच होतं. आबारावांनी ढिगाकडं बघितलं. मग म्हणाले, "पाणी नको. विटा हायत माज्याकडं. शेवटच्या भट्टीच्या चारशे पडून हायत. मुरमाची पाटी किती विटांची अन् गाऱ्याची पाटी किती विटांची, ते माज्या हाताला ठाव हाय. ही बकेट सुकी भरली तर शंभर विटा. चिखलाची शीग लावली तर येकशेतीस, चाळीस. वर मच्छिंद्र, त्यो येक वीस धरा."

बिराप्पा हसला. "म्हणजे दीडशेच्या वर विटा तुम्ही इथं आणणार. आणा. चाक उचललं नाही तर परत तुम्हीच न्यायच्या, एकट्यानं."

"अन् उचललं तर?"

"तर मी नेतो."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत खालची चौघं वर आल्यावर विटा आल्या. मच्छिंद्रच गाढवासारखा राबला आणि घाम पुसत म्हणाला, "बा, तुमच्या त्या खेळण्यापायी आख्खा गाव हसतोय." आबारावांनी खिशातून वर्तमानपत्राच्या कागदाची बोटभर रुंद पट्टी काढली. दांडा ज्या बाजूला वळणार, तिच्या पलीकडच्या मागच्या चाकाखालची उटी काढायला लावली आणि चाक आणि सपाट दगड यांच्यामधे ती पट्टी सारली. बिराप्पानं यारी जराशी मागं घेतली. पट्टी चाकाखाली दबली.

शंभर विटा भरून बकेट हातभर उचलली, दांडा वळवला. आबारावांनी पट्टी ओढली. ती तुटून अर्धी हातात आली. यारी पुन्हा मागंपुढं करून दुसरी पट्टी घातली.

एकशेतीस विटा. पट्टी घट्ट होती, पण ओढल्यावर फाटायच्या आधी जराशी सरकली.

मग काठाच्या वर थर लावून, दोरानं बांधून, आणखी तीस विटा चढवल्या. बिराप्पानं दांडा हळूहळू बाजूला घेतला. इंजिन जरा कण्हलं. यारी कुठंच हलली नाही. बघणाऱ्या बायकांपैकी एक म्हणाली, "काय न्हाय हुत की." आबारावांनी वाकून पट्टी दोन बोटांत धरली आणि लोण्यातून केस निघावा तशी ती चाकाखालून निघून आली.

त्यांनी ती परत आत सारली. परत काढली. मग बिराप्पाला हाक मारली.

बिराप्पानं ब्रेकला खुंटी लावली, खाली उतरला, गुडघे टेकून बसला. त्यानं स्वतः पट्टी आत घातली, काढली, घातली. चाकावर हात ठेवला आणि ते जड लोखंडी चाक त्याच्या तळव्याखाली लहान लेकराच्या पाळण्यासारखं डुललं. तो उठला, बैठकीवर चढला, दांडा अतिशय हळू समोर आणला आणि बकेट जमिनीवर टेकवली. तंबाखूची चंची उघडून त्यानं पहिल्यांदा आबारावांपुढं धरली.

"चिखल लागला की निम्मी बकेट," तो म्हणाला. "आणि बकेटीवर माणूस नाही. कुणीच नाही."

"अहो, पण रिवाज आहे इथला," विष्णुपंत म्हणाले. "फोटोवाला सांगितलाय मी लोहाऱ्याचा."

"फोटो काठावर काढा, साहेब."

तिसऱ्या प्रहरापासून बिराप्पा एकटा विटा वाहत होता. वस्तीतली बायामाणसं दारात उभी राहून त्याला मोजून दाखवत होती. "बिराप्पा, अजून नव्वद ऱ्हायल्या." तोही हसत होता.

मच्छिंद्र मात्र हसला नाही. जेवताना आबारावांनी त्याला सगळं पुन्हा समजावलं. तो मान खाली घालून ऐकत राहिला आणि "व्हय" म्हणाला. लेकाचा तो "व्हय" बापाला लहानपणापासून माहीत होता. पटलं नाही की तो असाच, लवकर "व्हय" म्हणायचा.

पाणी लागलं ते चौथ्या दिवशी, दहाच्या सुमाराला. ईशान्येच्या कोपऱ्यात मच्छिंद्रची पहार एकदम आत गेली आणि बाहेर ओढल्यावर तिच्या मागून हाताएवढी धार आली. खालून एकच आरोळी आली. सगळी वस्ती माळावर धावली. अणदूरचे सासरे डोक्याला नवा पटका बांधून काठाशी आले. विहारातून कुणी मेणबत्त्या आणल्या आणि उन्हातच लावल्या. विष्णुपंत हार घेऊन उभे, फोटोवाला डोळा मिटून कॅमेऱ्यात बघतोय.

आबाराव आपल्या दगडावर उभे होते. त्यांनी खाली बघितलं. चौघांनी मिळून बकेट भरली होती. निम्मी नाही. काठोकाठ, वर शीग, आणि तो काळा चिखल उन्हाचा कवडसा पडल्यावर चमकत होता. आणि मच्छिंद्र बकेटीच्या काठावर चढला. दोन पाय रोवले, दोराला धरलं, तोंड वर केलं. चिखलानं माखलेल्या तोंडात दात तेवढे पांढरे दिसत होते. इतक्या आनंदात तो त्याच्या लग्नात पण नव्हता.

"वढा," तो वरती ओरडला.

"वढा, वढा," काठावरची माणसं म्हणाली. इंजिन भडभडत होतं. बिराप्पाला खालचं काही दिसत नव्हतं. त्याची नजर आबारावांच्या हातावर होती.

आबारावांनी हात वर केला. तळवा उभा होता.

"अहो आबाराव, ओढायला सांगा ना," विष्णुपंत म्हणाले. "एकदाच तर आहे. अलगद ओढेल तो."

"अलगद वढला तरी चिखल तेवढाच जड ऱ्हातो, पंत."

सासरे जवळ आले. मोठ्या अदबीनं म्हणाले, "यीवाई, पोराचा मान हाय. आमी त्येच्यासाठनंच आलोय इतक्या लांब."

"आलाव, लई बरं केलं," आबाराव म्हणाले. हात तसाच होता.

"बा, वढायला सांगा की," खालून मच्छिंद्र ओरडला. "निम्मीच भरल्याली हाय."

आबारावांना लेकाचं ते खोटं ऐकून हसू आलं. आयुष्यात या पोराला त्यांनी फारसं काही दिलं नव्हतं. आज सगळ्या गावासमोर ते त्याच्या हातातलं काढून घेत होते आणि कारण सांगायला गेलं तर कुणाला दिसणारही नव्हतं. बकेट वर आलीच नाही तर यारी पडली असती की नाही, हे कुणाला कधीच कळणार नव्हतं. कदाचित पडली नसतीही. लोक तसंच म्हणत राहणार होते. गर्दीत त्यांनी मथुराबाईला शोधलं. ती सगळ्यांच्या मागं, पदर दातात धरून उभी होती आणि बिराप्पासारखीच त्यांच्या हाताकडं बघत होती.

आबारावांनी तळवा हलवला नाही.

कोण काय म्हणतंय ते बिराप्पानं ऐकलं असेल-नसेल. त्यानं एक घडीभर वाट बघितली, मग ब्रेकला खुंटी मारली आणि इंजिन बंद केलं. बंद करून बैठकीवर मांडी घालून बसला.

माळावर एकदम शांत झालं. आणि त्या शांततेत सहा परस खालून, दगडावर पडणाऱ्या पाण्याचा आवाज वर आला. दीड महिन्यात इंजिनाशिवाय दुसरं काही कुणी तिथं ऐकलं नव्हतं. काठावरच्या बायका हळूहळू खाली बसल्या. सासऱ्यांनी पटका काढून मांडीवर ठेवला आणि कान विहिरीकडं केला.

खाली मच्छिंद्र आणखी थोडा वेळ बकेटीवर उभा होता. मग उतरला. विहिरीच्या भिंतीत लोखंडी पायऱ्या ठोकलेल्या होत्या, त्या धरून तो चढायला लागला. चिखलाचे हात सटकत होते. एक पायरी, दम, मग दुसरी पायरी. सहा परस म्हणजे काही थोडं नव्हे. दरवेळी वर बघताना त्याला आभाळावर बापाचा तळवा दिसत होता.

तो काठावर आला तेव्हा विष्णुपंतांनी हार घातला आणि फोटोही निघाला. मथुराबाईनं पदरानं त्याचं तोंड पुसलं, पण चिखल निघायच्या ऐवजी पसरला. मच्छिंद्र बापासमोर येऊन उभा राहिला. त्याला राग आला होता ते दिसत होतं आणि तो राग काही आजच्या आज जाणार नव्हता.

"हात खाली घ्या आता," तो म्हणाला. "आलो म्या."

आबारावांनी हात खाली घेतला. दंडाला मुंग्या आल्या होत्या. तो त्यांनी दुसऱ्या हातानं जरा चोळला. मग विहिरीत वाकले, खाली राहिलेल्या तिघांना म्हणाले, "निम्मी उपसा रं बकेट. पाणी साठायच्या आत चिखल काढायला लागतोय."

फावड्यांचा आवाज यायला लागला. बिराप्पानं इंजिन पुन्हा सुरू केलं. आबाराव थांबले. तिघं कडेला सरकलेले त्यांनी नीट मोजले, मग बिराप्पाकडं वळून मूठ वर केली.